बंदुकीचा परवाना आणि माणसाचा डाग

परवा अभ्यासवर्गात एका पोरानं सवाल टाकला. गावाकडं वरच्या आळीतल्या एकानं आपल्या वस्तीत येऊन बंदूक नाचवली. मारहाणीच्या गुन्ह्यात तो पूर्वी शिक्षाही भोगून आलाय. त्याचा परवाना रद्द करा म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा का? सगळे म्हणाले, न्यायचाच. मीही म्हणालो. तेवढ्यात कोपऱ्यातला एक दोस्त उठला. म्हणाला, "मग माझं काय?"

तो आमच्याच चाळीतला. विशीत एका भांडणात कुणाचं डोकं फोडलं, तीन महिने आत बसून आला. आता बायको आहे, पोर आहे. बंदूकवाल्या वॉचमनची नोकरी चालून आली होती, तिला स्वतःच्या नावचा परवाना लागत होता. मिळाला नाही. कायदा तोच, कलम तेच. रात्रपाळीत मशीन चालू होती आणि डोक्यात त्याचे तीन शब्द फिरत होते.

म्हणून कायदा काढून वाचला. शस्त्र कायदा १९५९ चा. कलम ९ म्हणतं, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही दिवसांची कैद झालेली असो, शिक्षा संपल्यावर पाच वर्षं त्या माणसानं हत्यार बाळगायचं नाही. कलम १७ खाली परवाना तहकूब किंवा रद्द होतो : माणूस अपात्र ठरला, खरी माहिती दडवली, अटी मोडल्या किंवा सार्वजनिक शांततेला गरज पडली तर. पण अधिकाऱ्यानं कारणं लिहून ठेवली पाहिजेत. कलम १८ खाली अपील आहे, आणि अपीलवाल्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल लावता येत नाही. अलाहाबाद हायकोर्टानं तर कितीदा म्हटलंय, नुसती केस चालू आहे एवढ्यावर परवाना काढून घेता येत नाही. शांततेला धोका कसा, ते दाखवावं लागतं.

वाचून आधी राग आला. बंदूकवाल्याला एवढ्या पायऱ्या! आपल्या माणसाला चौकीवर न्यायला एक फोन पुरतो.

मग वाटलं, थांब. कारण न देता हत्यार काढून घेणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. गुन्हा कुठला? जात. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा? पोर जन्मायच्या आधीच कपाळावर शिक्का. ना पुरावा, ना अपील, नुसती हजेरी. १९५२ साली तो कायदा गेला, पोलिसाच्या डोक्यातून गेला नाही. तेव्हा लेखी कारण आणि अपील या गोष्टी वैऱ्याच्या बाबतीतही आपण नाकारायच्या नाहीत. उद्या मोर्चातल्या केसचा कागद दाखवून हेच कलम आपल्यावर चालवतील.

पण दोस्तांनो, दुसरी बाजू. नुसत्या शिक्षेवर विसंबून राहिलो तर आपण मेलो. बिहारात १९९६ साली बथानी टोल्यात २१ आणि १९९७ साली लक्ष्मणपूर बाथेत ५८ माणसं मारली. खालच्या कोर्टानं शिक्षा दिलेले सगळे पाटणा हायकोर्टानं २०१२ आणि २०१३ साली सोडून दिले. मग कुणाची 'पूर्वीची शिक्षा' तपासणार?

म्हणूनच ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ३ आहे. पाठ करून ठेवा. जिथं अत्याचाराची भीती आहे तो भाग सरकारनं ठरवायचा, आणि तिथं अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे परवाने रद्द करून बंदुका सरकारी कोठारात जमा करायच्या. आपल्या लोकांना परवाने द्यायचीही सोय आहे. पण सगळ्याला एक शेपूट : 'आवश्यक वाटल्यास'. कुणाला वाटल्यास? साहेबाला.

इथं मला खरंच टोचतं. गुन्हा नसताना जात बघून हत्यार काढून घ्यायचं, मग हा उलटा शिक्काच नाही का? आठ दिवस याच्याशी झगडलो. मला वाटतं, नाही. पारध्याकडून त्याचं फिरणं हिरावलं, माणूसपण हिरावलं. इथं काढून घेतात ते लोखंड. तेही धोक्याच्या भागापुरतं. परवाना काही जन्मसिद्ध हक्क नव्हे. शेजाऱ्याच्या जिवावर ठेवलेला तो भरवसा आहे. भरवसा मोडला किंवा मोडायची वेळ आली, तर परत मागता येतो. माणसावर डाग मात्र मारता येत नाही. तरी त्या आदेशातही कारण लिहिलेलं असावं, असं मी म्हणेन.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं, संविधानाचे मार्ग खुले असताना रक्ताचा मार्ग सोडा. माझ्या लेखी याचा अर्थ असा की, मार्ग खुला ठेवणं हे आपलंही काम आहे. दोघांसाठी.

मोर्चा जाईल. निवेदनात नियम ३ आणि कलम १७ दोन्ही असतील. आणि त्या दोस्ताची पाच वर्षं येत्या वर्षी भरतात. त्या दिवशी त्याचा अर्ज मी लिहिणार आहे. कलेक्टर कचेरीत त्याच्यासोबत कोण येणार, ते आत्ताच सांगा.

जय भीम.