वाहून गेलेले पाणी कोणाचे?

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका गावी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या जागेविषयी जनसुनावणी झाली. केंद्र शेजारच्या शहराचे. जागा मात्र या गावाच्या सखल भागातील, देवळाच्या तळीपासून हाकेच्या अंतरावरची. देवस्थानच्या महाजनांनी आणि काही शेतकऱ्यांनी मला वकीलपत्र दिले होते. क्षेत्राचे पावित्र्य, पालखीचा मार्ग, तळीचे पाणी, शेतीची हानी असे मुद्दे मी एकामागून एक मांडीत गेलो. सभेला ते पटत होते. माझे भाषण संपताच मागच्या बाकावरील एक सेवानिवृत्त अभियंते उठले. त्यांनी कोणताही आक्षेप घेतला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "वकीलसाहेब, आपण शहरात राहता. आपल्या न्हाणीचे पाणी कोठे जाते?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो आणि प्रश्न अप्रस्तुत आहे असे सांगून खाली बसलो. कायद्याच्या दृष्टीने तो अप्रस्तुतच होता. पुढे आम्हाला न्यायालयाकडून काही काळापुरती स्थगितीही मिळाली. परंतु तो प्रश्न माझ्या मागे लागला. एका रविवारी मी घरामागील सेप्टिक टाकीचा ओघळ शोधीत निघालो. तो रस्त्याकडेच्या गटारात पडत होता. गटार ओहोळाला मिळत होते. आणि ओहोळ उताराने त्याच गावाकडे जात होता, ज्याच्या पावित्र्याचे रक्षण करण्यासाठी मी शुल्क घेतले होते.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो गटाराचा दिसतो, पण वस्तुतः नीतीचा आहे. एखादी वस्तू मी टाकून दिली म्हणजे तिच्याशी असलेला माझा संबंध संपतो काय? मालमत्तेच्या कायद्यात हेतुपुरस्सर टाकलेल्या वस्तूवरील स्वामित्व संपते. परंतु तिच्यापासून दुसऱ्यास इजा झाली तर "ती आता माझी नव्हे" हा बचाव चालत नाही. आपले ते असे वापरावे की परक्यास अपाय होऊ नये, हे जुने लॅटिन सूत्र कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी पाठ करतो. न्यायालयात ते आम्हाला आठवते. न्हाणीत आठवत नाही.

माझे आजोळ इंदूरचे. त्या रविवारी ओहोळाच्या काठी उभा असताना मला तेथील कान्ह नदी आठवली. इंद्रेश्वराच्या नावावरून ज्या नगराला इंदूर हे नाव पडले, त्याच्या मध्यातून कान्ह आणि सरस्वती अशा दोन नद्या वाहतात आणि होळकरांच्या छत्र्यांपाशी, कृष्णपुऱ्यात, एकमेकींना भेटतात. माझ्या लहानपणी त्यांना नदी म्हणणारे कोणी भेटत नसे. सगळे नालाच म्हणत. कृष्णपुऱ्याचा पूल आला की आजी पदर नाकाला लावी आणि माझा हात धरून झपाझप चालू लागे. १९९२ साली उज्जैनला सिंहस्थ भरला. आजीने मला बरोबर नेले. रामघाटावर तिने क्षिप्रेचे पाणी ओंजळीत घेतले, सूर्याला अर्घ्य दिले आणि तेच पाणी माझ्या मस्तकावर शिंपडले. कान्ह पुढे उत्तरेकडे जाऊन उज्जैनच्या वरच्या अंगाला, त्रिवेणी घाटापाशी, क्षिप्रेला मिळते, हे मला बऱ्याच वर्षांनी नकाशात दिसले. जिच्यापासून आजीने पदराने नाक झाकले, तिचाच काही अंश तिने तीर्थ म्हणून माथ्यावर घेतला असला पाहिजे.

आजीच्या श्रद्धेला हसण्याचा माझा हेतू नाही. वाहते पाणी आपोआप निर्मळ होते असे आपले वाडवडील म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव प्राणवायूच्या साहाय्याने घाण खाऊन टाकतात, आणि नदी काही कोस गेल्यावर पुन्हा स्वच्छ होते. परंतु या सामर्थ्याला मर्यादा आहे. घाण वाढली की पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि नदी स्वतःला धुण्याचे थांबवते. शुद्धीकरण केंद्रात जे घडते ते याहून निराळे नाही. प्रथम जाळ्यांनी चिंध्या आणि कचरा अडवावयाचा, मग वाळू खाली बसू द्यावयाची, मग कुंडात हवा खेळवून त्याच सूक्ष्म जीवांना भरपूर प्राणवायू पुरवावयाचा, आणि अखेरीस गाळ बसवून निवळलेले पाणी जंतुरहित करून सोडावयाचे. जीवांनी भरलेला तो गाळ पुनः पुन्हा वापरण्याची युक्ती आर्डर्न व लॉकेट या दोघांनी मँचेस्टर येथे १९१४ साली जगापुढे मांडली. नदीला जे काम करण्यास अनेक कोस लागतात ते या कुंडांत काही तासांत होते. तेव्हा असे केंद्र उभारणे म्हणजे नदीच्या पावित्र्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. तिच्यावर लादलेल्या ओझ्यातील आपला वाटा आपण उचलणे होय. आपल्या स्मृतिग्रंथांनीही पाण्यात मलमूत्र टाकण्याचा निषेधच केलेला आहे. नदी सर्व काही पोटात घेते, ही सबब त्यांनी दिलेली नाही. ती आपण शोधली.

दुसरी सबब याहून सूक्ष्म आहे. २०१६ च्या सिंहस्थात कान्हचे मलिन पाणी घाटांना लागू नये म्हणून सुमारे १९ किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकून ते उज्जैनला वळसा घालून कालियादेह महालाजवळ क्षिप्रेत सोडण्याची व्यवस्था झाली. २०२८ च्या सिंहस्थासाठी याहून मोठ्या बंदिस्त कालव्याचे काम हाती घेण्यात आले आहे. लक्षावधी भाविकांच्या आरोग्याचा प्रश्न असताना असा तातडीचा उपाय करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण विचार असा येतो की घाटाच्या खालीही क्षिप्रा वाहतच असते. तिच्या काठी गावे आहेत, गुरे पाण्यावर येतात, आयाबाया धुणी धुतात. त्यांच्या वाट्याची क्षिप्रा ही क्षिप्रा नव्हे काय? देवापुढची जागा झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला तर अंगण झाडले असे आपण म्हणू, पण देवाची सेवा घडली असे म्हणू काय?

इंदूरने पुढे मुळाशी हात घातला, हेही सांगावयास हवे. नदीनाल्यांत थेट उघडणारी सात हजारांहून अधिक तोंडे शोधून ती भुयारी गटारांना जोडण्यात आली. कबीटखेडी येथे दिवसाला २४५ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारे केंद्र उभे राहिले, आणि २०२१ साली जलव्यवस्थेचा 'वॉटर प्लस' हा केंद्र सरकारचा दर्जा देशात प्रथम इंदूरला मिळाला. आणि तरीही २०२५ च्या अखेरीस त्याच नगरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून माणसे दगावली. मानपत्र भिंतीवर टांगता येते. जमिनीखालची नळी मात्र रोज राखावी लागते.

तिसरी सबब पैशाची. तिचे उत्तर इंदूरपासून फार दूर नसलेल्या रतलामने मिळवून दिले. तेथील एका प्रभागातील रहिवासी उघड्या गटारांनी आणि दुर्गंधीने त्रासून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका म्हणाली, तिजोरीत पैसा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्णय दिला की, नागरिकांच्या आरोग्याचे वैधानिक कर्तव्य टाळण्यासाठी नगरपालिकेस दारिद्र्याची ढाल पुढे करता येणार नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या १३३ व्या कलमाखाली तो आदेश निघाला, ते आज नव्या संहितेत १५२ व्या क्रमांकाने नांदत आहे. कलम आहे, निवाडा आहे. आणि तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांतून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि त्यांतील केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर प्रत्यक्षात शुद्ध होत होते. उरलेले कोणाच्या तरी गावाकडे गेले.

केंद्राचा आराखडा ही केवळ अभियंत्यांची बाब आहे असे मी पूर्वी समजत असे. आता त्यातील प्रत्येक आकड्यामागे मला एक नैतिक निर्णय दिसतो. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावयाचे आणि त्यातील शेकडा ८० भाग सांडपाणी होऊन परत येईल असे धरावयाचे, असा आपल्याकडील संकेत आहे. म्हणजे लाखभर वस्तीच्या गावाला दिवसाकाठी एक कोटी आठ लक्ष लिटरांची सोय हवी. पण ही वस्ती कोणती मोजावयाची? केवळ ज्यांच्या घरांना मालमत्ता क्रमांक आहे त्यांची, की टेकडीमागच्या झोपड्यांचीही? आजची, की तीस वर्षांनंतरची? गटारे तीस वर्षांच्या अंदाजाने आखली जातात. म्हणजे जे अजून जन्मास आले नाहीत आणि ज्यांना मत नाही, त्यांचाही हिशेब आजच्या सभेने करावयाचा असतो.

जागेचा निर्णय तर याहून कठीण. पाणी उताराने जाते, म्हणून केंद्र सखल जागी येते. आणि सखल जागी बहुधा तेच लोक राहतात ज्यांना उंचावर जागा परवडली नाही. निसर्गाचा नियम आणि समाजाचा अन्याय येथे एकाच रेषेत येतात. निसर्गाचा नियम बदलता येत नाही. परंतु त्या वस्तीला पहिली नळजोडणी द्यावी, दुर्गंधी सुटणारी कुंडे झाकावीत, भोवती झाडांचा रुंद पट्टा राखावा, निघालेल्या पाण्याची तपासणी गावकऱ्यांसमोर व्हावी आणि विजेच्या देयकाची तरतूद दरवर्षी आधीच बाजूला काढावी, हे सर्व आपल्या हाती आहे.

आणि त्या नळ्यांत उतरणारा माणूस? कायद्याने १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये हाताने मैला उपसण्यास बंदी केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मृत्यू थांबले नाहीत. आराखड्यावर सही करताना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा की, ही वाहिनी तुंबली तर यंत्र आत जाईल की माणूस? पहिल्या महायुद्धाच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदूरला आले होते. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढविली आणि तीत नगराच्या सफाई कामगारांना स्वच्छ वस्त्रे व फुले देऊन मानाने चालविले. त्या सन्मानाने प्रश्न सुटला नाही, हे उघड आहे. पण स्वच्छता ज्यांच्या श्रमावर उभी आहे ते मिरवणुकीच्या मागे नव्हे तर मिरवणुकीतच असले पाहिजेत, एवढे त्यांना उमगले होते.

आपल्या भाषेत 'शौच' हा एकच शब्द दोन टोकांना वापरतात. पतंजलींच्या नियमांत तो पहिला: देहाची व मनाची शुद्धी. व्यवहारात त्याचा अर्थ सकाळचा विधी. मला वाटते, या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजेच ते जाळ्यांचे, कुंडांचे, कोणाला नको असलेले केंद्र होय. पहिल्या अर्थाचे शौच दुसऱ्याची व्यवस्था लावल्यावाचून पुरे होत नाही. आणि आपल्या उंबऱ्यापाशी संपणारी शुद्धी ही दुसऱ्याच्या उंबऱ्यावर टाकलेली अशुद्धीच असते.

वकिलाने आपल्या पक्षकाराची बाजू सोडू नये, हा आमच्या व्यवसायाचा धर्म. तो मी सोडला नाही. परंतु पक्षकारास खरा सल्ला देणे हाही त्याच धर्माचा भाग आहे. स्थगितीची मुदत संपत आली तेव्हा मी महाजनांना भेटलो आणि म्हणालो, "केंद्र नको, ही आपली मागणी सोडून द्या. अमुक अटींवर केंद्र हवे, अशी मागणी करू." वर सांगितलेल्या अटी मी कागदावर लिहून नेल्या होत्या. त्यांतील वयोवृद्ध गृहस्थ दुखावले. "वकीलसाहेब, देवाच्या दारी घाण आणा म्हणता?" मी म्हणालो, "ती आलेलीच आहे, काका. ओहोळाने रोज येते. तीत माझ्या घरचीही आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि वाचू लागले. दोघे मात्र उठून गेले आणि त्यांनी आपले कागद दुसऱ्या वकिलाकडे नेले. त्यांना मी चूक म्हणणार नाही. नीट न राखलेल्या केंद्राची दुर्गंधी त्यांनी दुसरीकडे पाहिलेली होती. वृद्ध गृहस्थांनी अटींच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढविली: शहरातील प्रत्येक घराची जोडणी पुरी होईपर्यंत केंद्र पुरे झाले असे मानू नये. ती ओळ वाचून मी प्रथम माझ्या घराच्या जोडणीचा अर्ज भरला.