शिमग्याचे सामान्यरूप

नाशिकच्या द्राक्षबागांत वर्षाला दोन छाटण्या होतात, एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी. दुसरी कुणी सप्टेंबरमध्ये उरकली तरी बोलताना ती ऑक्टोबर छाटणीच. महिन्याचे नाव तारखेपासून सुटून कामाला चिकटले आहे. तोच शेतकरी पेरणीचे बोलताना ‘मृग लागला’ म्हणतो, आणि सोमवारी त्र्यंबकेश्वरला निघतो तो श्रावणी सोमवार असतो. यातल्या एकाही नावाला तो परके मानत नाही. भाषा मात्र त्यांच्यात फरक करते. ‘श्रावणात’ सहज येते. ‘ऑक्टोबर’ला सहसा ‘मध्ये’चा टेकू लागतो. श्रावणाचे ‘श्रावणी’ झाले. छाटणीपुढे ऑक्टोबर जसाच्या तसा उभा राहिला. महिना आपला झाला की नाही, हे मला त्याच्या उगमापेक्षा या वाकण्यात जास्त दिसते.

उगमही व्याकरणातच आहे. ज्या महिन्याची पौर्णिमा श्रवण नक्षत्राच्या आसपास, तो श्रावण. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, मघेवरून माघ: पहिला स्वर वाढतो आणि ताऱ्याचे नाव काळाचे होते. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या चौथ्या अध्यायात याचे नियम दिले आहेत. चैत्र, श्रावण, कार्तिक आणि फाल्गुन या चौघांना त्याने जोडीचे दुसरे रूपही मान्य केले, चैत्राला चैत्रिक, श्रावणाला श्रावणिक. लोक दोन्ही तऱ्हांनी बोलत असणार, आणि त्याने दोन्ही नोंदवली. मला त्याचे हे ऐकणे फार मोलाचे वाटते.

पौर्णिमेने नाव दिले, तरी महिना कुठे संपवायचा यावर एकमत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. म्हणून श्रावण पाळायला उत्तरेकडून आलेला यात्रेकरू गोदावरीवर पोचतो, तेव्हा आपल्याकडे आषाढाचा वद्यपक्ष चालू असू शकतो. शुक्लपक्ष तेवढा दोघांचा एका नावाचा.

खेड्यात मात्र नक्षत्राचा धागा कधीच सुटला. भाद्रपदाचा भादवा झाला, आषाढाचा आखाड. फाल्गुनाला तर सणाचेच नाव पडले, शिमगा. आयर्लंडच्या भाषेत असेच घडले आहे. तिथला ‘साउन’ हा 1 नोव्हेंबरचा जुना सण, आणि नोव्हेंबर महिनाही साउनच. ‘साउनचा महिना’ म्हणताना शब्दाचा शेवट बदलतो, ‘मी ना साउना’. यातला ‘मी’ म्हणजे महिना. शिमग्याचेही तेच: शिमगा, शिमग्यात, शिमग्याचा. मराठीने त्याला घोड्यासारखे, वाड्यासारखे चालवले. शाळेत बारा नावे पाठ करून घेतात, त्यांत शिमगा नसतो. तो गावठी ठरतो. हा अन्याय आहे. त्या बारांइतकाच तो मराठीच्या नियमाने चालतो, आणि बोलणाऱ्यांनी तो स्वतः घडवला आहे.

अधिक महिन्याची गत वेगळी. त्याला स्वतःचे नक्षत्र नाही. सूर्य त्या महिन्यात रास बदलत नाही, म्हणून पंचांग त्याला पुढच्या महिन्याचे नाव देऊन आधी ‘अधिक’ लावते. 2023 साली श्रावण अधिक होता, 2026 साली ज्येष्ठ. पंचांगात नाव बदलले. जावयासाठी पुरणाचे धोंडे करणाऱ्या घरांत मात्र दोन्ही वेळा तो धोंड्याचाच महिना.