टकलाचा हिशेब आणि इस्तंबूलचे तिकीट

निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातल्या माणसाला उपचारासाठी हद्द ओलांडण्याचे काही वाटत नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे ‘मिरजेला न्या’ हा इथल्या घराघरांतला अवघड दुखण्यावरचा सल्ला होऊन बसला. कुणी कोल्हापूर गाठतो, कुणी गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय. गोव्याकडचे रुग्ण बेळगावच्या केएलई रुग्णालयात येतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा दोन सरकारांत जुंपली. रुग्ण मात्र नाका ओलांडतच राहिले. अशा माणसाला इस्तंबूलला केस स्वस्तात लावून मिळतात असे कळले, तर तोही मिरजेचाच जरा लांबचा रस्ता वाटावा यात नवल नाही. पण दोन्ही रस्ते एक नाहीत.

आधी गरज कुठून येते ते पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न जमत नाही म्हणून तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला होता. सीमाभागातली स्थिती फार वेगळी नाही. नोकरी नाही, शेती बेभरवशाची, त्यात तिशीच्या आत कपाळ मागे सरकलेले. मग स्थळ बघायला येणाऱ्यांसमोर निदान डोके तरी भरलेले दिसावे, असे मुलाला वाटते. याला चैन म्हणून हसणाऱ्यांनी विवाह मंडळाच्या नोंदवहीत आपला फोटो लावून पाहावा.

इस्तंबूलचे गणित कागदावर देखणे असते. शस्त्रक्रिया, हॉटेल, विमानतळावरून ने-आण, दुभाषी, सगळे एका रकमेत. वर ‘हवे तितके ग्राफ्ट’, म्हणजे केसांचे झुपके. ही स्वस्ताई बरीचशी चलनाची आहे. २०२० च्या सुरुवातीला डॉलरला सहाच्या आसपास असलेला तुर्की लिरा २०२५ च्या मध्यावर चाळीसपर्यंत घसरला. इकडे भारतात ग्राफ्टवर दर लावतात आणि त्यावर जीएसटी येतो, कारण आरोग्यसेवेला असलेल्या करमाफीतून सौंदर्यासाठीचे केशरोपण नावानिशी वगळले आहे. मेडिक्लेमही त्याला हात लावत नाही. त्यामुळे बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून मुंबई, तिथून इस्तंबूल असे तिकीट धरूनही आकडे जवळपास येऊ लागतात आणि मुलगा पासपोर्ट काढायला जातो.

या हिशेबात एक रकाना कोरा असतो: हत्यार कुणाच्या हातात?

डोके भादरून मागच्या बाजूला भुलीची इंजेक्शने टोचतात. मग सुमारे एक मिलिमीटर तोंडाच्या नळीने एकेक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचा मुळासकट झुपका, उचकटून गार द्रावणात ठेवतात. तो कोरडा पडला की मेला. पुढे कपाळावर बारीक चिरा पाडायच्या आणि त्यांत हे झुपके केसाच्या मूळ कलाप्रमाणे बसवायचे. दोन-अडीच हजार ग्राफ्टना अख्खा दिवस लागतो. भुलीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. ती ओलांडली तर हृदयाची लय बिघडते, झटके येतात. डॉक्टर दाराशी भेटतो आणि पुढचे सगळे काम तंत्रज्ञ उरकतात, ही या धंद्यातली जुनी तक्रार आहे. केशरोपण शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि बिघडलेली डोकी दुरुस्त करण्यासाठी वर्षातला एक दिवसच राखून ठेवला.

मागच्या बाजूचे भांडवलही मोजकेच. बहुतेकांच्या डोक्यातून जन्मभरात मिळून पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात. ‘हवे तितके’ या जाहिरातीचा अर्थ मग असा, की पंचविशीतच ठेव मोडून खायची. टक्कल काही लावलेले केस पाहून थांबत नाही. ते मागे सरकत राहते आणि पुढे लावलेल्या केसांचे बेट तेवढे उरते.

म्हणून देशातच केले की निर्धास्त, असेही नाही. २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी केशरोपणानंतर दोन दिवसांत दगावला. ज्या केंद्रात ते झाले ते सलूनवजा होते. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यावसायिक गेला. एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. २०२५ मध्ये कानपुरात एका अभियंत्याच्या मृत्यूनंतर दंतवैद्यावर गुन्हा दाखल झाला. दरम्यान २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी बजावावे लागले, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. हे लिहून सांगायची वेळ आली, यातच बाजाराची अवस्था कळते.

निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, पण तेवढ्यात कायदा बदलतो. कर्नाटकात खासगी दवाखान्यांच्या २००७ च्या कायद्याखाली साध्या क्लिनिकलाही नोंदणी लागते. महाराष्ट्रातला १९४९ चा कायदा मुळात रुग्ण दाखल करून घेणाऱ्या शुश्रूषागृहांसाठीचा. गिऱ्हाईक ही विचारपूस करत नाही.

तरी घरच्या बाजूने एक भक्कम मुद्दा उरतो, तो वेळेचा. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि निकाल कळायला वर्ष जाते. चौथ्या दिवशी इस्तंबूलहून परतलेल्याच्या जखमेत दहाव्या दिवशी पू झाला, तर तो जाणार बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे, ज्याने ती शस्त्रक्रिया पाहिलेलीही नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा दाखला नाही म्हणून माणसे अडली होती. तिथे खटपट करून वाट तरी काढता येत होती; इस्तंबूलच्या डॉक्टरपर्यंत तशी वाट नाही. दाद मागायचीही तीच कथा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बंगळुरात किंवा कोल्हापुरात बिघडलेल्या डोक्याचा दावा बेळगावात चालतो. इस्तंबूलच्या क्लिनिकविरुद्ध निकाल लागलाच, तरी भरपाई कोण वसूल करून देणार?

सगळे जमेस धरता इस्तंबूलला जाण्यात सीमाभागातल्या तरुणाचा फायदा दिसत नाही. पंचविशीच्या आतल्याने तर तूर्त कुठेच जाऊ नये; मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांसारखी औषधे त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वर्षभर घेऊन पाहावीत. त्यानंतरही करायचेच असेल, तर पैसे भरण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लेखी मागावा. तो क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत तपासायला एक रुपयाही लागत नाही.