पुढे पाठविणाऱ्याचे पाप

सार्वजनिक जीवनात पाऊल टाकणाऱ्या स्त्रीची निंदा ही आजची गोष्ट नाही. पूर्वी ती पारावर आणि विहिरीच्या काठी चाले. आज मोबाइलवरून घराघरांत शिरते आणि पुसता पुसली जात नाही.

पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. जागा कायद्याने मिळाली; मान मात्र समाजाने द्यायचा असतो. मोठ्या नेत्यांना शिव्या देणारा बहुधा अनोळखी असतो. ग्रामपंचायतीच्या सदस्येची बदनामी करणारा तिच्याच आळीतला, कधी मिस्सेला तिच्याच मागच्या बाकावर बसणारा असतो.

एका निवडणुकीच्या वेळी एका उमेदवार भगिनीचे छायाचित्र आणि त्याखाली तिच्या चारित्र्याविषयी ओंगळ मजकूर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर आला. आम्हीही त्या समूहात होतो. आम्ही वाचले, हळहळलो आणि गप्प राहिलो. रविवारी मिस्सेनंतर तिची आई भेटली. "फादर, तुम्हीही वाचलं असेल ना?" एवढेच ती म्हणाली. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दानीएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला, आणि सभेने चौकशीवाचून तो खरा मानला. आपण त्या दोघांवर चिडतो. सभेकडे आपले लक्ष जात नाही. ती सभा म्हणजे आपणच. तरुण दानीएलने सर्वांना थांबविले आणि त्या दोघांना वेगवेगळे विचारले, की हे कोणत्या झाडाखाली घडले. कोणताही संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आपणही विचारावे: हे कोणी पाहिले, कोठे?

मग लोकप्रतिनिधीवर टीकाच करू नये काय? अवश्य करावी. रस्ता, पाणी, निधीचा हिशोब यांचा जाब तिला द्यावाच लागेल. परंतु तिचा संसार, तिचा पेहराव, तिचे रात्रीच्या बैठकीला जाणे यांवर बोट ठेवणारे पुरुष सदस्याला हेच प्रश्न विचारतात काय?

आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. ख्रिस्तसभा याहून पुढचे शिकविते: दुसऱ्याच्या नावलौकिकाला बाध आणणाऱ्याने पापक्षमा मिळाल्यावरही त्याची भरपाई केली पाहिजे. चोरलेली वस्तू परत द्यावी लागते, तसेच हिरावलेले नावही. म्हणून संदेश गुपचूप काढून टाकणे पुरेसे नाही. ज्या समूहात आळ पाठविला, त्याच समूहात 'हे खोटे होते, मी चुकलो' असे लिहिले पाहिजे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान कायद्यानेही गुन्हा आहे; ती तक्रार करण्यास निघाली तर पोलीस ठाण्यापर्यंत तिच्यासोबत कोणीतरी चालावे.

आम्ही त्या समूहात चार ओळी लिहिल्या, त्या निकाल लागल्यानंतर. उशिरा केलेली भरपाई अपुरीच असते. पण म्हणून ती टाळण्याची मुभा मिळत नाही.