वाजवणारा हात, राबणारा हात

एप्रिल लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना उसंत नसते. भीमजयंतीचे कार्यक्रम महिनाभर चालतात. आज शहरातला चौक, उद्या गंगापूर-वैजापूरकडचं गाव. पाठोपाठ लग्नसराई, मग गणपती, मग नवरात्र. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड यांच्या बरोबरीने गिटारवालाही रात्ररात्र उभा असतो आणि दिवसा बहुतेकांच्या शिकवण्या असतात. या धबडग्यात मनगट दुखू लागलं तर ते कुणाला सांगायचं नाही, असा अलिखित नियम आहे. बाम चोळायचा, क्रेप बँडेज बांधायचं आणि शर्टाची बाही खाली ओढायची. दुखतंय हे कळलं तर पुढच्या तारखेला दुसऱ्याला बोलावतील, ही भीती. त्याच्याही मुळाशी एक समजूत आहे: खरा साधक दुखणं सोसतो.

ही समजूत मला घातक वाटते. रियाजाबद्दल आपल्याकडे जो आदर आहे तो रास्तच आहे. तासन्‌तास बसल्याशिवाय हात तयार होत नाही. पण हात कशाचा बनला आहे, हे मात्र आपण शिष्याला शिकवत नाही.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली लहान हाडांची कमान, वर जाड पट्टा. बोटं वळवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू एवढ्याशा जागेतून जातात. बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराच्या खाली असतात आणि या कंडरांच्या दोरीने बोटं ओढतात. आता एफचा बार कॉर्ड धरलेला हात पाहा. तर्जनी सहाही तारांवर आडवी, अंगठा मागून दाबलेला, मनगट आत मुडपलेलं. तेवढ्यात बोगद्यातला दाब वाढतो. गिटार स्वस्तातली असेल, तारा पट्टीपासून उंच असतील, तर जोर आणखी लावावा लागतो. आधी बोटांना मुंग्या येतात, मग रात्री जाग येते, मग पकड सुटते.

अंगठ्याच्या मुळाशी होणारं दुखणं निराळं. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जनने त्याचं वर्णन 1895 मध्ये केलं. डॉक्टर अंगठा मुठीत धरायला सांगतात आणि मूठ करंगळीच्या बाजूला झुकवतात. दुखणं असेल तर माणूस कळवळतो. घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हीच तक्रार घेऊन बाळाला सतत उचलणाऱ्या आया येतात, कपडे पिळणाऱ्या बाया येतात. गिटारवाल्याने त्यांच्या रांगेत उभं राहायला कचरू नये. तिथे बसून एक गोष्ट लख्ख कळते: शरीराच्या लेखी कलावंताचा हात आणि कष्टकऱ्याचा हात यांत काही भेद नाही.

अति ताणाने शरीर मोडतं, हे आपल्या संगीताला ठाऊक नाही असं नाही. उस्ताद अल्लादिया खाँ तरुणपणी आमलेटा संस्थानात राजाच्या आग्रहाखातर दिवसेंदिवस गायले आणि आवाज गमावून बसले. तो परत यायला फार काळ गेला, आणि आला तेव्हा पूर्वीची लवचीकता उरली नव्हती. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी लयीत गुंफलेली, पेचदार गायकी घडवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून महाराष्ट्राने तीच जयपूर-अत्रौली गायकी ऐकली. ती गायकी आपण मनापासून गौरवतो. पण सुरुवातीचा तो हट्टाचा आग्रह कुणी चुकीचा म्हणत नाही.

गिटारवादक टोनी आयोमीची अशीच कथा वाळूजच्या कारखान्यांतल्या माणसाला चटकन कळेल. 1965 साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, प्रेसमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. 1928 च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली होती, तरी तो उरलेल्या दोन बोटांवर भराभर सोलो वाजवत असे. आयोमीने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, खोल नाद यातूनच घडत गेला.

अशा कथा धीर देतात, म्हणून त्या सांगाव्यात. मात्र त्यांच्या आड एक सत्य झाकलं जातं. एका आयोमीमागे कितीतरी वादक गिटार कपाटावर ठेवून गप्प झाले असतील, त्यांचं चरित्र कुणी लिहीत नाही. इजा झाल्यावर कोण किती जिद्दी निघतो, यावर कलेचं भवितव्य सोडणं मला मान्य नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे. तारांची उंची कमी करून घेता येते, हलका संच लावता येतो, कॅपो वापरून बार कॉर्ड टाळता येतात. क्लासिकल वादकांसारखी डाव्या मांडीवर गिटार घेऊन तिची मान वर उचलली की मनगट बरंच सरळ राहतं. डॉक्टरांनी पट्टा बांधून हात थांबवला, तरी कान थांबत नाहीत: गाण्याचे कॉर्ड नुसते ऐकून ओळखायचे, सरगम गायची, बोटांची जागा मनात म्हणायची. आणि डावं मनगट पूर्वीसारखं झालंच नाही, तर मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटारही आहे. तिथे तारा दाबायच्या नसतात, त्यांवरून पोलादी कांडी सरकवायची असते. पंडित ब्रिजभूषण काबरांनी या वाद्यावर राग वाजवले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये संतूर आणि बासरीसोबत त्यांची हीच गिटार आहे.

एक गोष्ट मात्र वादकाला एकट्याने करता येत नाही. कारखान्यात विमा योजनेखालच्या कामगाराचा हात कामावर जायबंदी झाला, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतून उपचार मिळतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीचा मोठा भाग हाती येतो. 1948 च्या कायद्याने हे मान्य केलं की इजा हा कामाचाच भाग आहे. रात्रभर वाजवणाऱ्याला आपण ‘कलाकार’ म्हणून शाल देतो, पण त्याचा हात थांबला की त्याचं घर कसं चालेल हे विचारत नाही. म्हणून दुखणारं मनगट बाहीखाली लपतं.

शिक्षकांनी पहिल्या दिवशी, पहिल्या कॉर्डच्या आधी, कधी थांबायचं ते शिकवावं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी दुखऱ्या हाताला सुट्टी द्यावी आणि बऱ्या झालेल्या हाताला त्याची जागा परत द्यावी. संगीताला कष्ट मानलं तर त्याचा मान कमी होत नाही. वाजवणारा माणूस मात्र टिकतो, आणि माणूस टिकला तरच संगीत टिकतं.