भाषा एक, सिद्धांत दोन

विजयनगरच्या काळात द्वैतवादी व्यासतीर्थांनी ‘न्यायामृत’ लिहून अद्वैत मतावर चौफेर हल्ला चढवला. अद्वैती मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’त त्याचा मुद्द्यागणिक समाचार घेतला. जग सत्य की मिथ्या, इथपासूनच दोघांची तोंडे दोन दिशांना. लिहिले मात्र दोघांनी एकाच परिभाषेत. ती होती नव्यन्याय या तर्कशाखेची. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’ने रुजवलेली. दोघांपैकी नैयायिक कोणीच नव्हता, ही त्यातली गंमत.

समान भाषा स्वीकारणारा नेमके काय स्वीकारतो? हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बाजारातही जसाच्या तसा उभा आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे प्रणालीचा आराखडा आकृतीत मांडताना प्रत्येक पंथाची चिन्हे वेगळी होती. ग्रेडी बूच क्लास (वस्तूंचा साचा) ढगाच्या आकारात काढत, जेम्स रम्बॉ चौकटीत. हे दोघे आणि इव्हार याकबसन रॅशनल कंपनीत एकत्र आले. त्यांच्या कामातून आकाराला आलेली यूएमएल ही आकृतिभाषा 1997 मध्ये ओएमजी या उद्योगसंघाने प्रमाण ठरवली. पुढे ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ची लाट आली. मोठ्या प्रणालीचे स्वतंत्र भाग एकमेकांना सेवा देतात, अशी ही रचना. तिच्यासाठी यूएमएलच्याच पायावर सोएएमएल बांधली गेली; 1.0 आवृत्ती 2012 ची. आयबीएम, नो मॅजिक, स्पार्क्स या कंपन्यांनी आकृत्या काढण्याच्या आपापल्या साधनांत ती घेतली.

घेतली म्हणजे काय केले? सोएएमएलचा मोठा भाग यूएमएलचे ‘प्रोफाइल’ आहे. जुन्याच चौकटीवर ‘पार्टिसिपंट’, ‘सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट’ अशी लेबले लावायची. लेबल लावणे अर्ध्या दिवसाचे काम. त्यामागचा अर्थ साधनाकडून पाळून घेणे निराळे. त्यात यूएमएलने स्वतःच काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. स्टेट मशीनकडे (घटनांनुसार अवस्था बदलणाऱ्या आकृतीकडे) दोन घटना ताटकळत असतील तर आधी कोणती उचलायची, हे प्रमाणात ठरवलेले नाही. म्हणजे एकच आकृती दोन साधनांत दोन तऱ्हांनी चालेल, आणि दोन्ही साधने प्रमाणाला धरूनच असतील.

व्याकरणकार भर्तृहरीला याचे नवल वाटले नसते. वाक्याचा अर्थ अखंड असतो, पदे सुटी करून तो सापडत नाही, हे त्याचे म्हणणे. सोएएमएलच्या दस्तऐवजात वितरक, उत्पादक आणि मालवाहतूकदार यांचे उदाहरण आहे. तिघांच्या चौकटी अचूक काढल्या तरी मागणी कधी पक्की झाली, हे त्यांच्यातल्या देवाणघेवाणीतच ठरते.

जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्झला आशा होती की नेमकी चिन्हलिपी मिळाली, तर वाद घालणारे गणित मांडून मोकळे होतील. नव्यन्यायाचा इतिहास तसे सांगत नाही. नेमकी परिभाषा हाती येऊनही द्वैती-अद्वैती वाद मिटला नाही. फक्त कोणता शब्द कोणत्या मर्यादेत वापरला हे लिहून द्यावे लागल्याने कोणालाच पळवाट उरली नाही. प्रमाणभाषेकडून एवढेच मागावे, आणि हे थोडे नाही. विक्रेते मात्र तिच्या नावावर एकमत विकतात, तिथे खोट आहे.

मॉडेल एका साधनातून दुसऱ्यात नेण्यासाठी असलेल्या एक्सएमआय या फाइल-स्वरूपाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर आकृतीतल्या चौकटींच्या जागाही जात नसत. साधनांची आपसातली देवाणघेवाण तपासायला ओएमजीला पुढे वेगळा कार्यगट नेमावा लागला. तेव्हा माहितीपत्रकात ‘सोएएमएलला पाठिंबा’ असे वाचून सही करू नका. विक्रेत्यासमोर एक मॉडेल त्याच्या साधनात काढा, प्रतिस्पर्ध्याच्या साधनात उघडा, आणि काय गळाले त्याची यादी त्याच्याकडूनच लिहून घ्या.