धोटा, थुंकी आणि पाया

मार्क्सनं १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं, की रेल्वेमागून येणारे नवे उद्योग हिंदुस्थानातली पिढीजात कामाची वाटणी मोडतील, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जाती मोडतील. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तीन वर्षांत मुंबईत पहिली कापडगिरणीही चालू झाली.

मग जात मोडली? दोस्तांनो, गिरणीत आत जाऊन बघू.

साचाखात्यात धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. सुताला थुंकी लागते. म्हणून आपल्या माणसाला साचाखातं बंद! त्यानं रिंग खात्यात राबायचं, आणि रिंगचा पगार साच्याहून कमी. मालकाला कापडाशी मतलब. कामगारांत फूट पडली तर त्याला ती आयतीच. पण दारात आडवा उभा राहिला तो त्याच भोंग्यावर उठणारा सवर्ण कामगार.

१९२८ चा संप सहा महिने चालला. ही बंदी उठवा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालायला बाबासाहेबांनी लावली. लालबावट्याच्या पुढाऱ्यांनी ती घातली, पण कुरकुरत.

आपले पोथीवाले मित्र सांगतात, अर्थव्यवस्था हा पाया, जात हा वरचा इमला. पाया बदला, इमला आपोआप पडंल. मी विचारतो, रिंग खात्याचा कमी पगार पायात मोजायचा का इमल्यात? कोणी कुठलं काम करायचं, कोणत्या हत्याराला हात लावायचा, किती मजुरी घ्यायची, यालाच तर मार्क्स उत्पादनसंबंध म्हणतो. म्हंजे जात पायातच चिणलेली आहे. ‘आधी वर्ग, मग जात’ म्हणणाऱ्यानं धोटा कधी हातात धरलेला नसतो.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. परिस्थिती माणसाची जाणीव घडवते, हे मला पटतं. मग सूत विटाळतं म्हणणारा तो साचेवाला दोषी का नाही? त्याचा विटाळ आणि त्याचा चढा पगार एकाच गाठीला बांधलेले होते, हे मी समजू शकतो. पण संपात तो आपल्या माणसाबरोबरच उपाशी राहिला होता. मालक कोण, हे त्यानं पाहिलं होतं. मागणी त्याच्यासमोर आली, तेव्हा हो का नाही हे त्यालाच ठरवायचं होतं. इतिहास काही त्याच्या तोंडून बोलत नव्हता. अजाण म्हणून त्याला सोडून द्यायला मी तयार नाही.

आणि आपली काही पोरं म्हणतात, रोटीचा प्रश्न कम्युनिस्टांचा, आपला फक्त इज्जतीचा. मग १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष कोणाचा? खोतीविरुद्धचं १९३७ चं बिल? ७ नोव्हेंबर १९३८ ला लालबावट्याच्या बरोबरीनं केलेला संप? शेती आणि मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे करा, हे १९४७ साली बाबासाहेबांनीच लिहून दिलं. जयंतीला फोटोला हार घालताना हे सगळं विसरायचं?

गिरण्या गेल्या. गटारं आहेत. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी घातली, तरी ठेकेदार उतरवतो आणि माणूस गुदमरून मरतो. यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो, हे उत्तर खरंच आहे. पण स्वस्त पडणारा माणूस दर वेळी त्याच वस्तीतला कसा? पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावच्या सफाई ठेक्यावरची हजेरी बघून या. कोण उतरतो, किती रोज मिळतो, आणि मुकादम कुठल्या जातीचा.